मुंबईचे जॅझवाले: शिकले कुठे आणि पोट भरलं कशावर

'अलबेला' (१९५१) मधलं 'दीवाना परवाना' लावा आणि एकदा तरी भगवानदादा आणि गीता बालीकडे दुर्लक्ष करून मागचा बँड बघा. झालरीच्या बाह्यांचे क्यूबन थाटाचे शर्ट घातलेली ही मंडळी गर्दी भरायला आणलेले ज्युनिअर आर्टिस्ट नव्हेत, खरेखुरे वादक आहेत. त्यांचा म्होरक्या चिक चॉकलेट. हा माणूस 'ताजमहाल' हॉटेलात डान्स बँड चालवायचा आणि त्याला अमेरिकन जॅझ ट्रम्पेटवादकाच्या नावावरून 'हिंदुस्थानचा लुई आर्मस्ट्राँग' म्हणायचे. खरं नाव आंतोनियो शावियेर वाझ, जन्म १९१६, गाव गोव्याच्या बार्देशातलं हळदोणे. संगीतकार सी. रामचंद्र, म्हणजे पुणतांब्याचे रामचंद्र चितळकर. हळदोण्याचा ट्रम्पेटवाला आणि नगर जिल्ह्यातला पेटी घेऊन बसणारा मराठी संगीतकार, या दोघांनी मिळून अमेरिकेच्या आणि क्यूबाच्या चालीरीतीचं हिंदी गाणं केलं आणि ते देशभर वाजलं.

यावर 'इंग्रजांचं राज्य होतं, त्यामुळे आलं इकडे' असं म्हणून मोकळं होता येतं. पण इंग्रजांचं राज्य सगळीकडेच होतं. मग मुंबईच्या जॅझ बँडमध्ये इतके वादक गोव्याचेच का, आणि तो गोवा तर पोर्तुगीजांचा होता. हे वादक काय शिकले होते, कुणाकडून शिकले आणि महिन्याचा खर्च कसा भागवायचे, हे पाहिलं की त्यांचं संगीतही जास्त नीट ऐकू येतं. माझं मत आधीच सांगून टाकतो: या लोकांना आपण जॅझ वादक म्हणतो, पण निव्वळ जॅझवर जगता येईल असे दिवस त्यांच्या वाट्याला फार थोडे आले. चर्चने शिकवलं, हॉटेलने नाव दिलं आणि सिनेमाने पोट भरलं.

चर्चची शाळा

पोर्तुगीजांनी गोव्यात चर्चच्या जोडीने गावोगाव शाळा काढल्या. तिथे प्रार्थना आणि अक्षरओळख यांच्याबरोबर संगीतही शिकवायचे, कारण चर्चला रविवारच्या मिस्सेसाठी, सणांसाठी, लादाइन्हांसाठी म्हणजे सामूहिक प्रार्थनांसाठी गाणारे आणि वाजवणारे लागायचे. शिकवणारा मेस्त्री गावातलाच असायचा. तोच गायकवृंद सांभाळायचा, तोच व्हायोलिन शिकवायचा आणि गावच्या फेस्ताला बँडही तोच उभा करायचा.

शिकवण्याची पद्धत मात्र आपल्या गुरुकुलापेक्षा अगदी निराळी. आपल्याकडे गुरू गातो, शिष्य ऐकून तसं म्हणतो, कागद मध्ये येत नाही. तिथे कागद आधी. पाच आडव्या रेघांवर लिहिलेले स्वर बघायचे आणि 'दो रे मी फा सोल ला सी' असं ताल धरून तोंडाने म्हणायचं. याला सोल्फा म्हणत. ते पक्कं झाल्याशिवाय हातात वाद्य मिळत नसे. त्यामुळे दहा-बारा वर्षांचा पोरगा कधीही न ऐकलेली ओळ नुसती कागदावर बघून म्हणू शकायचा. शिवाय चर्चमधलं गाणं एका सुरात नसतं. बायका वरची ओळ गातात, पुरुष खालची, आणि दोन्ही मिळून एक गोडवा तयार होतो. हार्मनी म्हणतात ती हीच. पुस्तकात तिचे नियम वाचायच्या आधी या पोरांच्या कानात ती बसलेली असायची.

अख्ख्या उपखंडात एवढ्या मोठ्या संख्येने सामान्य घरांतल्या मुलांना कागदावरचं पाश्चात्त्य संगीत वाचायला शिकवणारी व्यवस्था क्वचितच दुसरीकडे होती. त्याच गोव्यातून, केरीहून केसरबाई आणि कुर्डीहून मोगूबाई मुंबईला आल्या आणि त्यांनी जयपूर घराण्याची गायकी गाजवली. मैलोन्‌मैल नव्हे, काही कोसांच्या अंतरावर या दोन वाटा समांतर चालल्या होत्या, आणि गोव्यात असेपर्यंत त्यांची गाठ फारशी पडली नाही. ती पुढे मुंबईत पडली, तीही ध्वनिमुद्रणाच्या खोलीत.

धोबीतलावची कूड

गोव्यात वाजवायला शिकता यायचं, पण वाजवून जगता येत नसे. शेती तुटपुंजी, कारखाने नाहीत. म्हणून माणसं बोटीवर जात, आफ्रिकेत जात आणि सर्वांत जास्त मुंबईला येत. आचारी, खलाशी, शिंपी यांच्याबरोबर वादकही आले. उतरायची जागा ठरलेली असे, ती म्हणजे धोबीतलाव, गिरगाव, माझगावच्या बाजूला असलेली आपापल्या गावाची कूड. कूड म्हणजे गावकऱ्यांनी वर्गणीतून चालवलेली उतरण्याची जागा: एका मोठ्या खोलीत भिंतीला लागून पेट्या, जमिनीवर वळकट्या, एका बाजूला वेदी आणि संध्याकाळी सगळ्यांनी मिळून म्हणायचा रोझरी. भाडं नाममात्र. कोकणातल्या गिरणी कामगारांच्या गावकी खोल्या ज्यांना माहीत आहेत, त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

कामं नाना तऱ्हेची असत. संस्थानिकांचे बँड, पलटणींचे बँड, बोटींवरचे वाद्यवृंद, लग्नं. मूकपटांच्या जमान्यात थिएटरातल्या पडद्याखाली बसून वाजवणारे वादक लागत. १९३१ साली 'आलम आरा' आला, पडदा स्वतःच बोलायला-गायला लागला आणि ती कामं हळूहळू गेली. वाचता येणारे, कुठल्याही तऱ्हेचं वाजवू शकणारे वादक शहरात होते आणि हॉटेलांना नाचासाठी बँड हवे होते.

कागदावर नसलेली गोष्ट

१९३५ साली 'ताज'ने लिऑन ॲबी या आफ्रिकन-अमेरिकन व्हायोलिनवादकाचा बँड मुंबईला आणला. त्यानंतर क्रिकेट स्मिथ हा ट्रम्पेटवादक आणि टेडी वेदरफोर्ड हा पियानोवादक आला. वेदरफोर्ड आधी शांघायमध्ये वाजवत होता, मुंबईनंतर तो कलकत्त्याच्या ग्रँड हॉटेलात गेला आणि १९४५ साली तिथेच कॉलऱ्याने वारला. हे लोक इतक्या लांब का आले, याला कारण होतं. अमेरिकेत काळ्या वादकाला ज्या हॉटेलात वाजवायला बोलवत, त्याच हॉटेलात पुढच्या दाराने आत येऊ देत नसत. इथे पगार चांगला होता आणि निदान स्टेजवर मान होता.

गोव्याच्या वादकांना यांच्याकडून काय मिळालं, हे समजायला जॅझचं थोडं तंत्र बघावं लागेल. घाबरू नका, दोनच गोष्टी आहेत.

पहिली 'स्विंग'. कागदावर एका मात्रेत दोन स्वर लिहिलेले असतात, दोन्ही सारख्या लांबीचे. मेस्त्रीच्या शाळेत शिकलेला पोरगा ते सारखेच वाजवणार. जॅझवाला पहिला लांबवतो आणि दुसरा आखूड करतो, साधारण दोनास एक या प्रमाणात, आणि हे प्रमाणही लयीनुसार सैल-घट्ट होत राहतं. आपल्या भाषेत सांगायचं तर चतस्र, म्हणजे सम भागांच्या, दिसणाऱ्या ओळीला तिस्राचा, म्हणजे तीन भागांचा, झोल द्यायचा. तो झोल लिहून ठेवता येत नाही. तो शेजारी बसून, नाहीतर रेकॉर्ड पुन्हा पुन्हा लावून कानानेच उचलावा लागतो. म्हणजे कागदावर वाढलेल्या या मुलांना इथे चक्क आपल्या गवयांसारखं शिकावं लागलं.

दुसरी गोष्ट म्हणजे ऐन वेळी सुचेल ते वाजवणं. आपल्या संगीतात हे रोजचंच आहे, त्यामुळे 'म्हणजे रागदारीसारखंच ना?' असं सहज विचारलं जातं. बाहेरून सारखं, आतून निराळं. आपल्याकडे तालाचं आवर्तन फिरत राहतं आणि रागाचे स्वर सुरुवातीपासून शेवटपर्यंत ठरलेले असतात. तंबोऱ्याचा षड्ज हलत नाही. जॅझमध्येही आवर्तन आहे, पण ते कॉर्डचं, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या तीन-चार स्वरांच्या गुच्छांचं. ब्लूजचं आवर्तन १२ बारचं, दर बारला ४ मात्रा, म्हणजे ४८ मात्रांचं. त्या काळच्या बहुतेक गाण्यांचं ३२ बारचं, म्हणजे १२८ मात्रांचं. या आवर्तनात दर एक-दोन बारला कॉर्ड बदलते, आणि कॉर्ड बदलली की कोणत्या स्वरावर थांबलेलं गोड लागेल, तेही बदलतं. अर्धं आवर्तन ज्या गंधारावर तुम्ही निवांत उभे होता, तोच पुढच्या बारला खुपायला लागतो. जॅझ वादक या सरकत्या जमिनीवर धावत असतो आणि तरीही समेवर बरोबर पोचतो.

सोल्फा शिकलेल्याला कॉर्ड ओळखता येत होत्या, त्यामुळे अर्धं काम आधीच झालेलं होतं. उरलेलं अर्धं अंगात भिनायला वेळ लागला आणि सगळ्यांच्या अंगात ते भिनलंही नाही. उत्तम वाचणारे पण सोलो, म्हणजे एकट्याने सुचेल ते वाजवायची पाळी, आली की कागद शोधणारे वादक बँडमध्ये असतच. ज्यांना दोन्ही जमलं, त्यांचं नाव झालं. मिकी कोरिया हा त्यातला एक. मोंबासाला जन्मलेल्या, कराचीत वाढलेल्या या गोवेकराने १९३९ पासून सुमारे वीस वर्षं 'ताज'चा बँड सांभाळला आणि त्याच्या हाताखालून कितीतरी वादक तयार होऊन बाहेर पडले.

नावं बदलून

या मंडळींची नावं बघा. आंतोनियो वाझचा चिक चॉकलेट झाला. सॅक्सोफोनवाला रूडी कॉटन हा मुळात कावसजी खटाव, चोख पारशी. पियानोवाला डिझी साल म्हणजे एडवर्ड सालदान्हा. कलकत्त्यात ट्रम्पेट वाजवणारा जॉर्ज बँक्स हा मूळचा पुष्कर बहादूर, नेपाळी घरातला. त्याने आपल्या मुलाचं नाव लुई आर्मस्ट्राँगवरून ठेवलं. तोच आजचा लुई बँक्स.

हॉटेलला पाटीवर अमेरिकन वाटेल असं नाव हवं असायचं, हे एक कारण. दुसरं असं की ही माणसं आपल्या देवाचं नाव लावत होती. चिक चॉकलेट रुमाल हातात धरून, आवाज घोगरा करून आर्मस्ट्राँगसारखा गायचा आणि ट्रम्पेटमधून तशीच गुरगुर काढायचा. आज कुणी याला नक्कल म्हणेल. मला तसं वाटत नाही. शागीर्द आधी गुरूचा आवाजच काढतो, आपलं गाणं नंतर सापडतं. कित्येकांना ते सापडायला सवड मिळाली नाही, ही वेगळी गोष्ट.

दारूबंदीने काय केलं

हॉटेलमधली नोकरी मोसमी असायची. उन्हाळ्यात साहेब लोक आणि राजे-रजवाडे थंड हवेला गेले की बँडही मसुरीला, नैनितालला जायचे आणि हिवाळ्यात परत यायचे. चिक चॉकलेट आणि कुडचड्याचा ट्रम्पेटवादक फ्रँक फर्नांड, दोघेही मसुरीत वाजवून आलेले. रेईश मागूशचा सेबॅस्टियन डिसोझा लाहोरच्या हॉटेलात बँड चालवत होता. १९४७ ला देशाची फाळणी झाली आणि तोही मुंबईला आला.

स्वातंत्र्याबरोबर गोरे गेले, संस्थानं विलीन झाली. त्यात मुंबई सरकारने दारूबंदीचा कायदा केला आणि १९५० पासून तो कडक राबवायला घेतला. हा कायदा राबवणाऱ्या मोरारजीभाईंचा जॅझवर काही राग नव्हता, जॅझ त्यांच्या हिशेबातच नव्हता. पण डान्स बँडचा पगार निघतो तो बारच्या गल्ल्यातून. गल्ला आटला तसे बँड लहान झाले, काही बंदच पडले. काही वादकांनी कलकत्त्याची गाडी पकडली. तिथे दारूबंदी नव्हती आणि पार्क स्ट्रीटवर मोकॅम्बो, ट्रिंकाज, ब्लू फॉक्स अशी रेस्तराँ एकामागून एक जोर धरत होती. पॅम क्रेन तिथेच गायची, आणि मुंबईत वाढलेल्या उषा अय्यर, म्हणजे नंतरच्या उषा उत्थुप, यांचं नाव झालं तेही ट्रिंकाजमध्येच. बाकीचे मुंबईतच राहिले आणि सकाळच्या लोकलने ताडदेवच्या, महालक्ष्मीच्या स्टुडिओंत जायला लागले.

अरेंजर नावाचा माणूस

आता या कथेतला सर्वांत कमी समजून घेतलेला भाग. जॅझवाले सिनेमात 'वाजवायला' गेले असं आपण म्हणतो, पण वाजवणं हा कामाचा निम्माच भाग होता.

संगीतकार सिटिंगला बसायचा. समोर पेटी, बाजूला तबला, दिग्दर्शक, कवी. चाल तयार व्हायची ती एका ओळीत, गाता येईल अशी. पण रेकॉर्डिंगला समोर व्हायोलिनची रांग, चेलो, ट्रम्पेट, सॅक्सोफोन, गिटार, पियानो, ढोलक, तबला असे पन्नासभर लोक बसलेले. प्रत्येकाने काय वाजवायचं? तेव्हा ट्रॅक वेगवेगळे घ्यायची सोय नव्हती. गायिका आणि अख्खा वाद्यवृंद एकाच वेळी मुद्रित व्हायचा. एकाचा स्वर चुकला की सगळ्यांचा टेक वाया. इतक्या लोकांना तोंडी शिकवत बसलं तर दिवस उलटेल. म्हणून प्रत्येकासमोर लिहिलेला कागद हवा, आणि तो लिहिणारा माणूस म्हणजे अरेंजर.

एक साधी वाटणारी गोष्ट जवळून बघू. समजा गाणं पांढरी एकमध्ये, म्हणजे पेटीच्या पहिल्या पांढऱ्या पट्टीच्या सुरात आहे. व्हायोलिनवाल्याला पांढरी एकचाच कागद द्यायचा. पण ट्रम्पेट हे वाद्य असं बनवलेलं असतं की वादक कागदावरचा 'दो' वाजवतो तेव्हा प्रत्यक्षात एक पूर्ण स्वर खालचा नाद निघतो. म्हणून ट्रम्पेटचा कागद पांढरी दोनमध्ये लिहावा लागतो. आल्टो सॅक्सोफोनचं अंतर आणखी मोठं, त्याचा कागद पांढरी सहामध्ये. आणि ऐन वेळी गायिका म्हणाली, 'सूर जरा उंच वाटतोय, अर्ध्याने खाली घ्या', की हे सगळे कागद पुन्हा. तबला उतरवायला पाच मिनिटं लागतात. अरेंजरला आणि त्याच्या नकलनविसांना किती लागत असतील, हिशेब करा. चांगले वादक मात्र कागद तोच ठेवून डोळ्यांनीच अर्धा स्वर खाली वाचायचे. ही सवय हॉटेलात लागलेली, कारण तिथे क्रूनर, म्हणजे बँडबरोबर गाणारा, बदलला की गाण्याचा सूर बदलायचा.

कागद लिहिणं म्हणजे नुसतं उतरवून घेणं नव्हे. गाण्याआधीचा इंट्रो, दोन अंतऱ्यांमधले म्युझिक पीस, आणि गायिका गात असताना तिच्या मागून वेगळीच वाट काढत जाणारी व्हायोलिनची ओळ, हे पुष्कळदा अरेंजर रचायचा. त्या मागच्या ओळीला स्टुडिओत 'ऑब्लिगाटो' म्हणत. सेबॅस्टियन डिसोझा या कामात उस्ताद. १९५०च्या दशकापासून तो जवळपास पाव शतक शंकर-जयकिशन यांच्याबरोबर होता, ओ. पी. नय्यर यांच्याकडेही त्याने काम केलं. पन्नाशीच्या दशकातलं शंकर-जयकिशनचं मोठ्या वाद्यवृंदाचं कुठलंही गाणं लावा आणि या वेळी शब्द सोडून व्हायोलिनच्या मागे कान लावा. मूळ चाल वर चढत असते तेव्हा ती ओळ खाली उतरते, गायिका श्वास घेते तेव्हा ती पुढे येते, आणि मुखड्याच्या तोंडाशी दोघी एकाच जागी भेटतात. चर्चमधल्या वरच्या आणि खालच्या ओळींची शिकवण इथे कामाला आली.

श्रेयनामावलीत या लोकांना 'सहायक' म्हणत, तेही छापलं तर. संगीतकारांनी त्यांचं काम चोरलं, असा सरळ आरोप काही जण करतात. तो मला अतिरेकी वाटतो. चाल संगीतकाराचीच होती आणि चालीशिवाय बाकीचं उभंच राहत नाही. पण 'नुसते हाताखालचे वादक' हेही खरं नाही. इमारतीचा नकाशा एकाचा, बांधणारा दुसरा आणि पाटी एकाचीच, असा तो कारभार होता. त्या काळच्या व्यवहारात रचनेचा वाटा लिहून घ्यायची पद्धतच नव्हती. एका बैठकीचे पैसे मिळाले की काम संपलं. गाणं पुढे पन्नास वर्षं वाजलं तरी ट्रम्पेटवाल्याला त्यातलं काही मिळालं नाही.

एका नावाला मात्र भलतीच प्रसिद्धी मिळाली. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस (जन्म १९२७) हे व्हायोलिनवादक आणि अरेंजर. प्यारेलाल आणि राहुलदेव बर्मन त्यांच्याकडे व्हायोलिन शिकले. 'अमर अकबर अँथनी'तल्या (१९७७) त्या गाण्यात हे नाव आलं ती प्यारेलालची गुरुदक्षिणा होती. अंड्यातून बाहेर येणाऱ्या अमिताभला सगळा देश ओळखतो, मूळ अँथनी गोन्साल्विसना ओळखणारे फार तर शे-दोनशे निघतील.

जॅझ आणि राग

स्टुडिओत बसून बसून या वादकांच्या कानावर राग पडायला लागले. गोव्यात ज्या दोन वाटा वेगळ्या राहिल्या त्या इथे एकत्र आल्या, आणि काहींना प्रश्न पडला की आपण अमेरिकेचंच का वाजवायचं. फ्रँक फर्नांडवर १९४६ साली मसुरीत झालेल्या गांधीजींच्या भेटीचा असा परिणाम झाला की आपल्या मातीचा जॅझ करायचा हे त्याने मनावर घेतलं. अँथनी गोन्साल्विस यांनी १९५८ मध्ये सेंट झेवियर कॉलेजच्या चौकात शंभराहून अधिक वादकांचा वाद्यवृंद उभा केला. भारतीय रागांवर पाश्चात्त्य पद्धतीने लिहिलेलं संगीत, आणि गायला लता मंगेशकर आणि मन्ना डे. मंगेशीचे संस्कार आणि माजोर्ड्याचे संस्कार एका मंचावर. कार्यक्रम झाला, वाहवा झाली, पण असा वाद्यवृंद कायम चालवायला पैसा कुणाकडे होता?

अडचण पैशाचीच नव्हती, तंत्राचीही होती. रागाला स्थिर षड्ज हवा, जॅझला बदलत्या कॉर्ड. मालकंसाखाली दर बारला कॉर्ड बदलत गेलात तर मालकंस राहत नाही, आणि नाही बदललीत तर जॅझवाल्याला करायला काही उरत नाही. १९५९ च्या सुमारास अमेरिकेतच काही जॅझवाले कॉर्डच्या या धावपळीला कंटाळून एकाच स्वरसप्तकावर बराच वेळ थांबायला लागले. त्याला 'मोडल' जॅझ म्हणतात. तो इकडे पोचल्यावर मधलं दार उघडलं, कारण मोडल जॅझ आणि राग यांच्यात बोलणं होऊ शकतं.

१९६८ मध्ये शंकर-जयकिशन यांच्या नावावर 'रागा जॅझ स्टाईल' ही रेकॉर्ड आली. तोडी, भैरव, मालकंस असे एकूण ११ राग, सतारीवर रईस खान, सॅक्सोफोनवर मनोहारी सिंग, ड्रमवर लेस्ली गोदिन्हो. सगळेच तुकडे सारखे जमलेत असं नाही. काही ठिकाणी सतार आणि ट्रम्पेट आळीपाळीने बोलतात, एकमेकांशी बोलत नाहीत. पण जिथे जमलंय तिथे आजही थक्क व्हायला होतं.

त्याहून खोलवर गेला नेवऱ्याचा सॅक्सोफोनवादक ब्राझ गोन्साल्विस. त्याने रागाचे चलन बोटांत बसवून घेतलं आणि मग त्यावर जॅझची वाक्यं रचली. पुढे लुई बँक्स आणि कर्नाटकी गायिका रमामणी यांच्याबरोबर त्याने जे केलं, त्यात राग हा वरून भुरभुरलेला मसाला उरला नाही. मुंबईत जन्मलेला गोवेकर गिटारवादक अमान्सियो डिसिल्वा १९६७ मध्ये लंडनला गेला, आणि १९६९ मध्ये त्याची 'इंटिग्रेशन' आणि जमैकन सॅक्सोफोनवादक जो हॅरियटबरोबरची 'हम दोनो' या रेकॉर्ड आल्या. मुंबईत त्याला इतकं मोकळेपणाने वाजवायला मिळालं असतं का, याबद्दल मला शंका आहे.

कोकणीत जॅझ

एक वाट घरच्या भाषेकडेही गेली. मडगावच्या क्रिस पेरी या ट्रम्पेटवादकाने चर्चगेटच्या अॅस्टोरिया हॉटेलातल्या 'व्हेनिस'मध्ये बँड वाजवला आणि कोकणी गाण्यांना ब्रास सेक्शन, स्विंग, लॅटिन ठेके दिले. गायला लोर्ना कोर्देरो. 'बेबदो', 'पिसो' ही गाणी गोव्याच्या लग्नांत अजून वाजतात. यात काहीच उसनं वाटत नाही, कारण मांडो आणि दुलपद या गोव्याच्या गाण्यांच्या निमित्ताने कोकणी कानाला हार्मनी पिढ्यान्‌पिढ्या परिचयाची होती. हिंदी गाण्यात जॅझ हा पाहुणा होता, कोकणीत तो घरजावई झाला. फ्रँक फर्नांडनेही सिनेमातून कमावलेला पैसा कोकणी चित्रपटांत घातला: 'आमचें नशीब' (१९६३) आणि 'निर्मोण' (१९६६). 'निर्मोण'वरून हिंदीत 'तकदीर' (१९६७) निघाला.

शेवटी कशावर भागलं

साठच्या दशकात दारूबंदी सैल झाली आणि चर्चगेट स्ट्रीटवर, म्हणजे आताच्या वीर नरिमन रोडवर, पुन्हा रेस्तराँत बँड वाजू लागले. त्याच्या थोडं आधी, १९५८ मध्ये अमेरिकन जॅझ पियानोवादक डेव्ह ब्रुबेक मुंबईत येऊन सतारवादक अब्दुल हलीम जाफर खान यांच्याबरोबर बसून वाजवून गेला होता. अमेरिकन सरकारनेच त्याला दौऱ्यावर पाठवलेलं, शीतयुद्धातला प्रचार म्हणून. प्रचार कसाही असो, इथल्या वादकांना ऐकायला मिळालं. १९७८ मध्ये निरंजन झवेरींनी 'जॅझ यात्रा' हा महोत्सव सुरू केला. धोबीतलावच्या रंगभवनात पहिल्याच वर्षी अमेरिकन सॅक्सोफोनवादक सनी रॉलिन्स वाजवून गेला. म्हणजे ज्या वस्तीत कुडी होत्या, तिथेच आता तिकीट काढून फक्त जॅझ ऐकायला लोक जमले, नाचायला नव्हे. नुसतं ऐकण्यासाठीचा जॅझ मुंबईत असा बऱ्याच उशिरा आला, आणि तोवर जुन्या फळीतले काही जण उरले नव्हते. चिक चॉकलेट १९६७ मध्येच गेला होता.

लुई बँक्सची वाटचाल पाहिली की पुढचा बदल लक्षात येतो. दार्जिलिंगचा हा पियानोवादक कलकत्त्याच्या ब्लू फॉक्समध्ये वाजवत असताना राहुलदेव बर्मननी त्याला ऐकलं आणि मुंबईला आणलं. रात्री जॅझ, दिवसा सिनेमा, आणि त्यात ऐंशीच्या दशकात जाहिरातींच्या जिंगलची भर पडली. १९८८ च्या 'मिले सुर मेरा तुम्हारा'ची चाल अशोक पत्कींची आणि संगीत संयोजन लुई बँक्सचं. सी. रामचंद्र आणि चिक चॉकलेट यांच्यात जी वाटणी होती, तीच इथे पुन्हा दिसते, फक्त या वेळी दोन्ही नावं लोकांना माहीत झाली.

त्याच दशकात सिंथेसायझरने व्हायोलिनची रांग गिळायला सुरुवात केली. पन्नास जणांचा आवाज एका कीबोर्डमधून निघू लागला, ट्रॅक वेगळे मुद्रित व्हायला लागले आणि कागदावरून बिनचूक वाचणाऱ्या माणसाची गरज संपली. काहींनी क्रूझ बोटी आणि आखातातली हॉटेलं धरली, काहींनी वांद्र्यात मुलांना पियानो-गिटार शिकवायला घेतलं, काही गोव्याला परतले. अँथनी गोन्साल्विस माजोर्ड्याला जाऊन राहिले आणि २०१२ मध्ये वारले. आज मुंबईत किंवा गोव्यात जॅझ वाजवणाऱ्याला विचारा. आठवड्यातली एक रात्र क्लबमध्ये, दोन लग्नं, चार शिकवण्या आणि कुणाच्या तरी वेबसिरीजचं काम, असंच काहीतरी उत्तर मिळेल. त्यातली क्लबची रात्र सर्वांत कमी पैशांची असते.